कानाचे दडे आणि गाडीचे घुमणे

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरात सात माणसे असल्यामुळे तीन रांगांची मोठी एसयूव्ही घ्यायचे ठरवले आहे. पसंत पडलेल्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह गंगापूर रोडवर घेतली, तेव्हा काहीच खटकले नाही. पुढे त्याच मॉडेलच्या, मेहुण्यांच्या गाडीतून मुंबईला जाऊन आलो. शेवटच्या रांगेत बसलेल्या आईला कसारा घाटात आणि नंतर सपाट रस्त्यावरही कान दाबल्यासारखे होत होते. मला नव्वदच्या पुढे पायाखाली बारीक थरथर जाणवत होती. सेल्समन म्हणतात, "मोठ्या गाडीत एवढे चालायचेच, फारच वाटले तर नंतर पत्र्याला आतून पट्ट्या चिकटवून डॅम्पिंग करून घ्या." पैसे भरण्याआधी नेमके काय आणि कसे तपासावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सेल्समनचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि अडचण त्या निम्म्या खरेपणाचीच आहे. मोठी एसयूव्ही म्हणजे चाकांवरची एक प्रशस्त खोली असते. तिचे छप्पर लांबरुंद, मागचा दरवाजा उभा आणि जड, आतली हवा पुष्कळ, आणि त्यामुळे लहान गाडीत जे आवाज जन्मालाच येत नाहीत ते या गाडीत येऊ शकतात. परंतु "येऊ शकतात" आणि "चालायचेच" यांत बरेच अंतर आहे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एक शांत आणि दुसरी घुमणारी असू शकते, आणि तुमच्या वाट्याला यांपैकी कोणती येते आहे हे पैसे भरण्यापूर्वी कळू शकते. त्यासाठी तुमच्या पत्रात एकत्र आलेल्या दोन तक्रारी, आईंचे कान आणि तुमच्या पायाखालची थरथर, आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. आणि आईंच्या तक्रारीचेही पुन्हा दोन भाग करावे लागतील.

घाटातले कान दाबणे हा गाडीचा दोष नाही. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना आपण सुमारे तीनशे मीटर वर चढतो आणि तेवढ्या चढणीत बाहेरच्या हवेचा दाब साधारण ३० ते ३५ मिलिबारने उतरतो. मोटार म्हणजे विमान नव्हे; तिच्या केबिनमध्ये दाब धरून ठेवण्याची सोय नसते, त्यामुळे बाहेर जो दाब तोच आत. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी वेळेवर उघडली नाही, तर पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होत नाही आणि कानात दडे बसतात. सर्दी असेल तर हे अधिक होते, आणि चढताना होते त्याहून मुंबईकडे उतरताना जास्त होते. समृद्धी महामार्गाच्या इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून गेल्यास वळणे टळतात, तरी उंचीतला फरक काही टळत नाही. आवंढा गिळला, जांभई दिली किंवा एखादी गोळी चघळली की हे दडे सुटतात. गाडी पंधरा लाखांची असो की पन्नास लाखांची, घाट सर्वांना सारखाच.

सपाट रस्त्यावर कान दाबल्यासारखे होणे हे मात्र निराळे प्रकरण आहे, आणि तुमच्या पत्रातला तोच शब्द मला महत्त्वाचा वाटला. सोड्याच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की ती घुमते. आतली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि सुटते. चालत्या गाडीत मागची एकच काच उघडली असता जी धप्-धप् अशी कान फोडणारी धडधड सुरू होते ती याच जातीची, आणि दुसरी एखादी काच दोन बोटे उघडली की ती बहुधा थांबते. ती सर्व गाड्यांत होते, तिच्यासाठी गाडी नाकारू नये. पण सगळ्या काचा बंद असताना तसेच काही होत असेल, तर कुठला तरी पत्रा किंवा दरवाजा त्या फुंकरीचे काम करतो आहे, असे समजावे. रस्त्याच्या हादऱ्यांनी मागचा दरवाजा किंवा छताचा पत्रा केसभर आत-बाहेर होतो आणि संपूर्ण केबिनमधली हवा सेकंदाला वीस ते पन्नास वेळा दाबतो आणि सोडतो. माणसाच्या ऐकण्याची खालची मर्यादा सेकंदाला सुमारे वीस कंपनांची आहे, त्यामुळे या पट्ट्यातला आवाज धड ऐकू येत नाही, तो कानाला दाबासारखा आणि छातीला जडपणासारखा जाणवतो. गंमत अशी की घाटातला दाबाचा फरक तीन हजार पास्कलच्या (एक मिलिबार म्हणजे शंभर पास्कल) पुढे जातो आणि गाडी घुमते तेव्हाचा फरक जेमतेम एक-दोन पास्कलचा असतो. म्हणजे हजारपटीहून लहान. परंतु घाट तो फरक काही मिनिटांत सावकाश घडवतो, आणि घुमणारी गाडी सेकंदाला तीस-चाळीस वेळा कानाचा पडदा हलवत राहते. शंभर किलोमीटरच्या प्रवासानंतर डोके जड होते ते या दुसऱ्या प्रकाराने.

दोहोंत फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. आवंढा गिळून बरे वाटले तर ते कानाचे दडे. आवंढा गिळूनही फरक पडत नाही, पण एखादी काच दोन बोटे खाली केल्याबरोबर कान मोकळे होतात, आणि वेग कमी केला की आपोआप थांबते, तर ते गाडीचे घुमणे.

आता तपासणीकडे वळू. पहिली तपासणी शोरूमच्या आवारात, गाडी उभी असतानाच करता येते. आईंना शेवटच्या रांगेत बसवा, सगळ्या काचा आणि इतर सर्व दरवाजे बंद करा आणि चालकाचा दरवाजा नेहमीच्या जोराने लावा. मग एक काच पूर्ण उघडी ठेवून तेच पुन्हा करा. बंद गाडीत दरवाजा लावताना हवा बाहेर पडावी म्हणून मागच्या बम्परच्या आत, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, पातळ रबरी पडद्यांच्या झडपा बसवलेल्या असतात; एसीने आत घेतलेली हवाही त्याच वाटेने जाते. काच बंद असताना दरवाजा नीट लागतच नसेल, किंवा लागताना कानावर चापट बसल्यासारखे वाटत असेल, आणि काच उघडल्यावर दोन्ही गोष्टी नाहीशा होत असतील, तर या झडपांची वाट अडलेली आहे. वापरलेल्या गाडीत ती मातीने किंवा बाहेरून चिकटवलेल्या फोमने अडलेली असते. नव्या गाडीत क्वचित एखादे आवरण काढायचे राहून गेलेले असते. थोडा फरक तर सर्वच गाड्यांत जाणवतो, तेवढ्यावर हटू नये.

त्यानंतर दहा रुपयांची नोट घ्या. दरवाजाच्या रबरावर ती ठेवून दरवाजा लावा आणि हलकेच ओढा. ती सगळीकडे सारख्या ओढीने निघाली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात सहज सरकली तर तिथे रबर दबत नाही, म्हणजे तिथून वारा आणि धूळ दोन्ही येणार. मागच्या मोठ्या दरवाजाला ही परीक्षा चारही कडांनी द्यावी. त्या दरवाजाच्या दोन्ही बाजूंना फिरवून कमी-जास्त करता येणारे रबरी ठोकळे असतात. दरवाजा लागल्यावर त्यांच्यावर दाब आलाच पाहिजे.

या ठोकळ्यांबद्दल मी एवढे लिहितो त्याला कारण आहे. माझ्या एका स्नेह्यांची सात आसनी गाडी ओझरकडे जाताना नव्वद-पंचाण्णवला अशी घुमायची की मागे बसलेली मुले कानांवर हात ठेवायची. वर्कशॉपमध्ये तीनदा चाकांचे बॅलन्सिंग झाले, एकदा टायरही अदलाबदल झाले. शेवटी एका रविवारी मी स्वतः शेवटच्या रांगेत उलटा बसलो आणि मागच्या काचेवर तळहात टेकवला. काच श्वास घेतल्यासारखी धडधडत होती, आणि तळहाताने जोर देऊन ती दाबली की कान मोकळे होत होते. गाडी बाजूला घेऊन पोस्टकार्डाची पट्टी ठोकळ्याखाली सारली तर ती दरवाजा बंद असतानाही मोकळी सरकत होती. एका बाजूचे ठोकळे दीड फेरा बाहेर काढले, दरवाजा जरा जोराने लावावा लागू लागला, आणि घुमणे गेले. खर्च काहीच आला नाही; वर्कशॉपच्या तीन फेऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेले.

म्हणून गाडी चालवून पाहताना तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत बसा. चालक दुसरा कोणी असू द्या. याला कारण भौतिकशास्त्राचे आहे. लांब केबिनमध्ये हवेची लाट पुढून मागे आणि मागून पुढे अशी उभी राहते. केबिन तीन मीटर लांब असेल तर तिची कंपने सेकंदाला सुमारे ५७ येतात. या लाटेचा जोर दोन्ही टोकांना सर्वांत जास्त आणि मध्यावर सर्वांत कमी असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर सेकंदाला जवळजवळ तेवढेच, म्हणजे ५६-५७ ठोके देते. त्यामुळे मधल्या रांगेत बसलेला माणूस "काही नाही हो" म्हणतो आणि मागच्या रांगेतला कान चोळतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. तुम्हाला आणि आईंना निरनिराळे जाणवले यात म्हणूनच नवल नाही.

गंगापूर रोडवर काहीच जाणवले नाही, यातही नवल नाही. त्या रस्त्यावर सिग्नल आणि वाहतूक यांतून साठच्या वर जाणे कठीण, आणि गाडी घुमते ती बहुधा ऐंशी ते शंभरच्या दरम्यान. तुमच्यासाठी आडगाव ते पिंपळगाव बसवंत हा पट्टा योग्य आहे. सपाट, बऱ्यापैकी सरळ, आणि सकाळी सातच्या सुमारास पुरेसा मोकळा. एकच पट्टा जाऊन-येऊन दोनदा करा, म्हणजे वाऱ्याची दिशा आणि रस्त्याचा खडबडीतपणा यांचा घोटाळा होत नाही. उड्डाणपुलाच्या सांध्यांवर बसणारे ठोके मोजू नका, ते रस्त्याचे आहेत. जमल्यास सिन्नरच्या बाजूने समृद्धीवर एक फेरी मारावी, कारण तो रस्ता काँक्रीटचा आहे आणि मोटारींना १२० ची मुभा आहे. डांबरावर लपलेले बरेच काही काँक्रीटवर उघडे पडते. वेगाची मर्यादा ओलांडून काही सिद्ध करण्याची गरज नाही. फेरी तासाभराची असावी. संगीत बंद, एसीचा पंखा सर्वांत कमी, आणि सेल्समन शक्यतो गप्प. एकदा हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू करून आणि एकदा बाहेरची हवा घेऊन पाहा. छताला काचेचे सनरूफ असेल तर त्याचा पडदा उघडा आणि बंद, असे दोन्ही प्रकार करून पाहा. छतावर कॅरिअरच्या आडव्या दांड्या असतील तर त्या काढायला सांगा, नाहीतर त्यांची शिट्टी उगाच गाडीच्या खात्यावर जमा होईल.

आता पायाखालची थरथर. तिचा उगम शोधण्यासाठी एकच प्रश्न विचारायचा : ती गाडीच्या वेगाशी बांधलेली आहे की इंजिनाच्या फेऱ्यांशी? थरथर येते तो वेग धरा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. मग तोच वेग एक गिअर खाली घेऊन धरा, म्हणजे वेग तोच राहून इंजिनाच्या फेऱ्या वाढतील. थरथर तशीच राहिली तर ती चाकांची किंवा शाफ्टची, म्हणजे मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याची. स्वरूप बदलले किंवा गेली, तर इंजिन, त्याची माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसवलेले असते ते रबरी आधार) किंवा गिअरबॉक्स. ॲक्सिलरेटर दाबला की येते आणि सोडला की जाते, असे असेल तर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या सांध्यावर, आणि माउंटिंगवर संशय घ्यावा. ही परीक्षा करताना इंजिन कधीही बंद करू नये; स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

चाक आणि शाफ्ट यांत फरक ओळखायला थोडे गणित उपयोगी पडते. या वर्गातल्या काही गाड्यांना असणारा २५५/६० आर १८ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण दोन मीटर चाळीस सेंटीमीटर जातो, म्हणजे ताशी शंभरला सेकंदाला सुमारे बारा फेरे होतात. मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट डिफरन्शिअलच्या प्रमाणाप्रमाणे त्याच्या पावणेचार-चारपट, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीसच्या आसपास फिरतो. बाराचा ताल हाताला आणि बसण्याच्या जागेला मोजता येईल असा, डुगडुगीसारखा लागतो. स्टिअरिंग हलत असेल तर बहुधा पुढचे चाक, सीट हलत असेल तर मागचे. पंचेचाळीसचा ताल मोजता येत नाही, तो तळव्यांना मुंग्यांसारखा लागतो आणि कानाला घूं असा येतो. तुम्ही "बारीक थरथर" असे लिहिले आहे, त्यावरून मला मेहुण्यांच्या गाडीत शाफ्टची किंवा माउंटिंगची शंका जास्त येते. तरीही सुरुवात टायरपासूनच करावी, कारण ती स्वस्त आहे.

नव्या गाडीच्या टायरबाबत दोन गोष्टी पाहाव्या. आवारात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या जड गाडीचे टायर खालच्या बाजूला चपटे होतात आणि पहिले दहा-वीस किलोमीटर गाडी थडथडते. टायर तापल्यावर ते गेले तर चिंता नको, राहिले तर टायर बदलून मागावा. दुसरे म्हणजे हवा. साठवणीच्या काळात हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि ती कमी करायची राहून गेलेली असू शकते, आणि मग तुम्ही गाडीची परीक्षा न घेता टणक फुग्याची घेता. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीवरचा आकडा वाचा आणि टायर थंड असताना तेवढीच हवा भरून घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायरांवरचे आकडे जवळपासचे असावेत.

मेहुण्यांना एक निरोप द्या. त्यांची गाडी द्राक्षबागेत जात असेल तर बॅलन्सिंगच्या आधी अलॉय चाकांची आतली बाजू धुऊन घ्यावी. आपली काळी माती तिथे एका बाजूला बसून वाळली की पन्नास-साठ ग्रॅमचे वजन सहज होते, आणि मग दुकानदार मातीलाच बॅलन्स करून देतो.

मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर फार विसंबू नका. बहुतेक ॲप डेसिबलचा आकडा कानाच्या सोयीने वजन करून, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे आवाज कमी धरून, दाखवतात आणि त्या पद्धतीत ५० कंपनांच्या आवाजातून ३० डेसिबल, तर २० कंपनांच्या आवाजातून ५० डेसिबल वजा होतात. म्हणजे आईंना त्रास देणारा नेमका तोच आवाज ॲप पुसून टाकते आणि "पासष्ट, एकदम शांत" असे सांगते. सेल्समनने मोबाइल पुढे केला तर हे त्यांना नम्रपणे सांगावे. हा आवाज आकड्यांऐवजी आलेखाच्या रूपात कंपनसंख्येनुसार दाखवणारे ॲप असेल आणि वजनाची सोय बंद करता येत असेल, तर मात्र त्याचा उपयोग होतो.

नाशिकमध्ये स्कॉर्पिओसारखी गाडी बनते आणि अंबड-सातपूरमुळे घरटी एक तरी माणूस गाड्यांच्या सुट्या भागांशी निगडित असतो, त्यामुळे सल्ला देणाऱ्यांची वाण पडणार नाही. असा कोणी जाणता सोबत मिळाला तर जरूर न्या, फक्त त्याला मधल्या रांगेत बसू देऊ नका.

डेमो गाडी ही तुमची गाडी नव्हे, हे लक्षात असू द्या. बुकिंग करतानाच लेखी कळवा की वाटप झालेली गाडी, तिच्या चॅसिस क्रमांकासह, नोंदणी आणि विमा होण्यापूर्वी पाहायची आहे आणि डीलरच्या माणसासोबत, त्यांच्या ट्रेड सर्टिफिकेटच्या (नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर आणण्याच्या डीलरच्या परवान्याच्या) क्रमांकावर, महामार्गावर फिरवून घ्यायची आहे. सगळे डीलर याला राजी होत नाहीत. पण मागणी लेखी असेल आणि पूर्ण रक्कम अजून तुमच्याकडे असेल तर ऐकण्याची शक्यता वाढते. एमएच-१५ चा क्रमांक पडल्यानंतर "गाडी बदलून द्या" ही मागणी "वॉरंटीत बघू" या उत्तरावर येऊन थांबते. आपल्याकडे सदोष गाडी बदलून देण्याचा वेगळा कायदा नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिथे उपयोगी पडतो तो वर्कशॉपमध्ये तक्रार नोंदवतात त्या जॉब कार्डावरचा मजकूर. "आवाज येतो" असे कधीही लिहू देऊ नका. "काचा बंद, ताशी ९० ते ९५, शेवटच्या रांगेत कानावर दाब, काच उघडल्यावर थांबतो" असे लिहायला लावा आणि प्रत घ्या.

आईंविषयी आणखी एक. वळणांच्या रस्त्यावर, म्हणजे सप्तशृंगीला वर जाताना वगैरे, त्यांना मळमळ होत असेल तर तिचा संबंध यांपैकी कशाशीच नाही. उंच गाडीच्या पाच-पाच सेकंदांच्या संथ डुलण्याने ती होते आणि शेवटच्या रांगेत सर्वांत जास्त होते. आणि इतर कुठल्याही गाडीतही त्यांचे कान दाबत असतील, तर गाडीच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

राहिला प्रश्न डॅम्पिंगचा. पत्र्याला आतून चिकटवायच्या जड पट्ट्या पत्र्याची खणखण आणि पावसाचा ताशा कमी करतात, तेवढ्यापुरत्या त्या चांगल्या. पण तीस-चाळीस कंपनांवर अख्खा दरवाजा हलतो तेव्हा त्या पट्ट्या त्याच्याबरोबर हलतात, आणि मऊ फोमला तर हे घुमणे समजतच नाही. शिवाय काम करणारा कारागीर मागच्या कोपऱ्यांतल्या झडपाही हमखास झाकून टाकतो आणि वायरिंगला हात लागला म्हणून वॉरंटीचा वाद वेगळाच. सेल्समनने घुमणारी गाडी डॅम्पिंगच्या भरवशावर द्यायची तयारी दाखवली, तर त्यांना त्याच आवारातल्या दुसऱ्या चॅसिस क्रमांकाची गाडी काढायला सांगा आणि आईंना पुन्हा शेवटच्या रांगेत बसवा.